घ्या की, काय अपाय न्हाई

सांगलीच्या मार्केट यार्डाच्या बाजूला औषधाचं एक छोटं दुकान आहे. डिसेंबरातल्या एका सकाळी तिथं तासगावकडचा एक द्राक्षबागायतदार उभा होता. उन्हानं रापलेला चेहरा, बोटांच्या पेरांत मोरचूद-चुन्याच्या बोर्डो फवाऱ्याचा न धुतला जाणारा निळसर डाग. त्यानं संत्र्याच्या चवीच्या, चघळायच्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांची दहा पाकिटं मागितली, पाचशे मिलिग्रॅमची. पैसे मोजता मोजता त्यानं विचारलं, “मोबाइलवर आलंय, ह्या रोज चघळल्या की जीन्स बिघडत न्हाईत म्हणं. कॅन्सर लांब ऱ्हातो. खरं हाय का ओ?” दुकानदारानं पाकिटं पिशवीत सारली आणि सहज म्हणाला, “घ्या की, काय अपाय न्हाई.” बागायतदार समाधानानं बाहेर पडला. पायरीलगत पेरूची हातगाडी उभी होती. कापून ठेवलेल्या एका फोडीवर तिखट-मीठ भुरभुरलेलं, आणि तो पिकत आलेल्या पेरूचा वास, जो रस्त्यावरच्या धुरातूनही वाट काढत येतो. त्यानं गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

प्रश्न चांगला होता. उत्तर मात्र प्रश्नाला दिलेलं नव्हतं, गिऱ्हाइकाला दिलेलं होतं. हेच मनात सलत राहतं.

जीन्स बिघडणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे, आणि तो प्रयोगशाळेतला नसून तलाठी कार्यालयातला आहे. फेरफार. समजा सातबाऱ्याच्या जुन्या कागदावर शाईचा ठिपका पडला. ही झाली इजा. ठिपका वेळेत दिसला, कुणी तो नीट खरवडून मूळ अक्षर पुन्हा काढलं, तर काहीच बिघडत नाही. पण त्या कागदाची नक्कल करताना डागाखालचं अक्षर चुकीचं वाचलं गेलं, ‘मारुती’चा ‘माधव’ झाला, आणि नोंद प्रमाणित झाली, की तो फेरफार. त्यानंतर मूळ कागद कितीही धुतला तरी पुढच्या प्रत्येक नकलेत माधवच येणार. डीएनएची इजा आणि उत्परिवर्तन यांत फरक आहे तो एवढाच, पण व्हिटॅमिन सी कुठं उपयोगी पडतं आणि कुठं नाही हे सगळं या फरकावर ठरतं. ते डाग पडण्याआधी कामाचं आहे. नोंद झाल्यावर त्याच्या हातात काही नाही.

पेशीत हा डाग बहुतेक वेळा ग्वानीन या अक्षरावर पडतो, कारण जीन्स ज्या डीएनएचे बनतात त्याच्या चार अक्षरांत (ग्वानीन, सायटोसीन, ॲडेनीन, थायमीन, म्हणजे जी, सी, ए, टी) ऑक्सिजनच्या माऱ्याला ते सगळ्यांत लवकर बळी पडतं. श्वासातून घेतलेला ऑक्सिजन पेशीत जळतो तेव्हा त्यातला थोडा अर्धवट राहतो. सुपरऑक्साइड, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि मोकळं लोह भेटलं तर हायड्रॉक्सिल. हा शेवटचा इतका चळवळ्या की जन्मतो तिथंच, शेजारी जे असेल त्याला चावतो. ग्वानीनला चावला की त्याचं ८-ऑक्सोग्वानीन होतं. ग्वानीनची जोडी सायटोसीनशी जमायला हवी, पण हे बदललेलं अक्षर वळून ॲडेनीनशीही हात मिळवतं. नक्कल झाली, मग नकलेची नक्कल झाली, की जिथं जी होता तिथं टी बसतो. प्रत्येक पेशीत असे डाग रोज पडतात, आणि बहुतांश निस्तरलेही जातात. ओजीजी१ नावाचं विकर (एन्झाइम) डागाळलेलं ग्वानीन उचकटून काढतं. त्याच्या हातून सुटलं आणि समोर चुकीचं ॲडेनीन बसलंच, तर एमयूटीवायएच ते ॲडेनीन काढतं. एमटीएच१ अजून साखळीत न बसलेली खराब अक्षरं आधीच बाजूला करतं. राखणीचं मुख्य काम या घरच्या माणसांचं आहे. मोबाइलवरच्या मजकुरात त्यांचं नावही नसतं आणि सगळं श्रेय गोळीला जातं, हे मला अन्यायाचं वाटतं.

मग व्हिटॅमिन सी काय करतं? ते स्वतःकडचे इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. एका रेणूकडे असे दोन असतात. पहिला दिल्यावर जो उरतो तो ॲस्कॉर्बिल रॅडिकल (रॅडिकल म्हणजे जोडीचा इलेक्ट्रॉन नसलेला, एरवी भांडकुदळ रेणू) तुलनेनं शांत असतो, म्हणजे भांडण पुढं वाढत नाही. पेशीच्या पाणथळ भागात ते सुपरऑक्साइडला आणि पेरॉक्सिल रॅडिकलला अडवतं. पेशीच्या तेलकट पडद्यात झिजलेल्या व्हिटॅमिन ईला पुन्हा कामाला लावतं. हायड्रॉक्सिलला मात्र ते क्वचितच गाठू शकतं, तो फारच जवळून आणि फारच लवकर चावतो. तेव्हा ‘रॅडिकल्सचा नायनाट’ ही भाषा खरी नाही. आग घराला लागण्याआधी गंजीजवळचा पाचोळा उचलणारा माणूस, एवढंच त्याचं काम. त्याचं आणखी एक काम गेल्या पंधरा वर्षांत उलगडत गेलं आहे. टेट नावाच्या विकरांच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो, आणि तो कामाच्या अवस्थेत राखायला व्हिटॅमिन सी लागतं. ही विकरं डीएनएवरच्या मिथाइलच्या खुणा पुसायला सुरुवात करतात, म्हणजे कुठलं पान उघडं ठेवायचं आणि कुठलं मिटायचं ते ठरवतात. २०१७ साली उंदरांवरच्या एका अभ्यासात दिसलं की व्हिटॅमिन सी आटलं की रक्ताच्या मूळपेशींमध्ये टेट२चं काम ढिलं पडतं आणि ल्युकेमियाला वाट सोपी होते. उंदरांवर, हे विसरायचं नाही.

माणसांत थेट मोजणी झाली ती १९९१ साली, अमेरिकेत जीवरसायनशास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांच्या गटाकडून, आणि पुरुषांच्या वीर्यात. आहारातलं व्हिटॅमिन सी रोजच्या २५० मिलिग्रॅमवरून ५ वर आणल्यावर वीर्यद्रवातलं प्रमाण निम्मं झालं आणि शुक्राणूंच्या डीएनएतले ऑक्सिडेशनचे डाग ९१ टक्क्यांनी वाढले. मग रोज ६० किंवा २५० मिलिग्रॅम असं २८ दिवस दिलं, तेव्हा डाग ३६ टक्क्यांनी उतरले. शुक्राणू हा डागांच्या बाबतीत बिचारा असतो. शेवटच्या टप्प्यात त्याच्याकडे दुरुस्तीची माणसं जवळजवळ उरत नाहीत, सगळी भिस्त भोवतीच्या द्रवावर. आणि तिथला फेरफार पुढच्या पिढीच्या उताऱ्यावर जाऊ शकतो. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. घरात पाळणा हलावा म्हणून सुनेच्या ताटावर लक्ष ठेवणाऱ्या सासूनं त्याच अडीच-तीन महिन्यांत मुलाच्या ताटाकडेही पाहावं, असं या आकड्यांवरून वाटतं. पण इथंही नीट वाचायला हवं. मोजले ते डाग, फेरफार नव्हेत. आणि ज्यांचं ताट रिकामं केलं होतं त्यांचं भरल्यावर फायदा दिसला. आधीच भरलेल्या ताटात आणखी ओतल्यावर काय होतं, हा वेगळा प्रश्न आहे.

हे ताट रिकामं होतंच का, याचं कारण स्वतःच एक फेरफार आहे. जत तालुक्यातल्या माडग्याळी मेंढीला पेरू-आवळ्याची गरज नसते. ती यकृतात साखरेपासून व्हिटॅमिन सी स्वतः बनवते, शेळीही बनवते, गायही. आपल्या पूर्वजांत साधारण सहा कोटी वर्षांपूर्वी या साखळीतल्या शेवटच्या विकराचं जनुक, गुलो, मोडलं. त्याचे भग्न अवशेष आजही आपल्या आठव्या गुणसूत्रावर पडून आहेत, वाड्याच्या जोत्यासारखे. महाबळेश्वरच्या रस्त्यावर पर्यटकांच्या हातातून स्ट्रॉबेरी हिसकावणाऱ्या माकडांचीही हीच अडचण. गिनीपिगमध्ये ते स्वतंत्रपणे मोडलं. कोलकात्यात आर. एन. रॉय आणि बी. सी. गुहा यांनी १९५८ साली कोणता प्राणी हे बनवतो आणि कोणता नाही याचा धांडोळा घेतला. अंगणात दिसणाऱ्या लालबुड्या बुलबुलालाही ते जमत नाही, हे तेव्हाच कळलं. फळांनी लगडलेल्या जंगलात राहणाऱ्याचं हे जनुक मोडलं तरी तो मरत नाही. म्हणून ती चूक खपून गेली, आणि आपण कायमचे बाहेरच्या पुरवठ्यावर आलो.

पुरवठा तुटला की काय होतं ते साताऱ्याच्या बाजूला कुणी मुद्दाम सांगायला नको होतं, पण सांगितलं जात नाही म्हणून लिहावं लागतं. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कूतला ब्रिटिश हिंदी लष्कराच्या सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी वेढलं होतं. १०३ आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा, या तिन्ही पलटणी आत होत्या. अपशिंग्यासारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या पोरं जिथं भरती होत आली, त्याच या पलटणी. भाजीपाला संपला. गोऱ्या सैनिकांना घोड्याचं मांस मिळत होतं आणि ते खात होते. हिंदी सैनिकांनी कितीतरी आठवडे ते नाकारलं आणि आटा-जवावर राहिले. त्यांच्या हिरड्या सुजल्या, जुन्या जखमा उकलल्या. स्कर्व्ही, व्हिटॅमिन सीच्या अभावाचा रोग. शरीरात त्याचा सगळा मिळून साठा दीड ग्रॅमच्या आसपास असतो. तो तीनशे मिलिग्रॅमच्या खाली गेला की लक्षणं दिसतात, आणि तिथं पोहोचायला महिना-दोन महिने पुरतात. त्यानंतरच्या वर्षांत लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की कोरड्या कडधान्यात स्कर्व्ही रोखणारं काही नसतं, पण तेच भिजवून मोड आणले की ते तयार होतं. कूतच्या कोठारात मोडाचं भान असतं तर, असं वाटून जातं.

आपल्या घरी मटकीला मोड येतातच.

पण त्या मोडाचं आपण काय करतो, तिथं खरी गळती आहे. आठ-दहा तास भिजवून, पाणी निथळून, ओल्या फडक्यात बांधलेल्या मटकीला थंडीत दीड दिवसात बोटाच्या पेराएवढे मोड येतात. बी जागं होताना व्हिटॅमिन सी स्वतः घडवत असतं. आणि मग आपण ती कुकरला तीन शिट्ट्या देऊन पाणी ओतून देतो. व्हिटॅमिन सी पाण्यात विरघळतं, उष्णतेनं आणि हवेनं मोडतं, आणि हिरवा रंग टिकावा म्हणून घातलेल्या चिमूटभर सोड्यानं तर झपाट्यानं जातं, कारण अल्कलीत ते मुळीच टिकत नाही. मोड झाकणाखाली वाफेवर, पाण्याच्या हबक्यावर पाच-सात मिनिटं शिजवले आणि तेच पाणी रश्शाला घेतलं तरी बरंच वाचतं. पालेभाजी चिरून धुण्याऐवजी धुऊन चिरावी. लिंबू पोह्यांवर कढई खाली उतरवल्यावर पिळावं, चुलीवर असताना नको. कोशिंबीर पान वाढताना करावी. चिरल्याबरोबर भाजीतलंच एक विकर हवेच्या मदतीनं व्हिटॅमिन सी खाऊ लागतं. आणि आवळा किसायचा तर स्टीलच्या किसणीवर, काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट रस ठेवला की सुटलेलं तांबं व्हिटॅमिन सीचं ऑक्सिडेशन फार वेगानं घडवून आणतं. त्या बागायतदाराच्या बोटांवरचा निळा डाग मोरचुदाचा, म्हणजे तांब्याचाच होता. त्या बोटांनी आवळा कुस्करणं दोन्ही अर्थांनी वाईट.

आकड्यांच्या बाबतीत आपल्या भागाला थोडं वाईट वाटेल. ज्या द्राक्षासाठी जिवाचं रान होतं, त्यात १०० ग्रॅमला जेमतेम तीन-चार मिलिग्रॅम, आणि बेदाण्यात त्याहूनही किरकोळ. स्ट्रॉबेरीत साठच्या आसपास. पेरूत मात्र दोनशेच्या वर. आवळ्याचे जुन्या भारतीय तक्त्यांत ६०० लिहिले आहेत, २०१७ च्या नव्या तक्त्यांत सुमारे २५०. गरज किती? भारतीय शिफारस प्रौढ पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम, बाईला ६५, अंगावर पाजणाऱ्या आईला ११५. म्हणजे मध्यम आकाराचा अर्धा पेरू.

आवळ्याच्या आकड्यांत एवढी तफावत कशी, हे घरच्या ओट्यावर तपासताना थोडं कळतं, आणि दहावीच्या मुलांकडून हे जरूर करून घ्यावं. पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी कुटून अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायची, म्हणजे मिलिलिटरला एक मिलिग्रॅम. नळाचं पाणी नको, त्यातलं क्लोरीन आधीच व्हिटॅमिन सी खातं. एक ग्रॅम कॉर्नफ्लोअर शंभर मिलिलिटर पाण्यात उकळून गार करायचं, ही खळ. जखमेवर लावायचं पाच टक्के पोव्हिडोन-आयोडिन एक भाग, पाणी चार भाग. आता पेल्यात गोळीचं दहा मिलिलिटर पाणी, एक मिलिलिटर खळ आणि चमचाभर पांढरं व्हिनेगर घ्यायचं, आणि बिनसुईच्या सिरिंजनं आयोडिन थेंब थेंब सोडत पेला हलवत राहायचं. पडलेला थेंब क्षणभर काळानिळा होतो आणि विरतो. व्हिटॅमिन सी आहे तोवर आयोडिनचं काही चालत नाही. ते संपलं की रंग टिकतो. तीस सेकंद टिकला की थांबायचं. हिशेबानं हे साधारण साडेचौदा मिलिलिटरला व्हायला हवं. तेवढ्याच मापात पेरूचा गाळलेला रस घेऊन पुन्हा करायचं, आणि त्रैराशिक मांडायचं. रस फार कडक असेल तर दहापट पातळ करायचा. चुका कुठं होतात? गोळीचा केशरी रंग शेवट झाकतो, म्हणून खाली पांढरा कागद हवा. रस काढून तासभर ठेवला तर आकडा घसरतो. आणि आवळ्यात व्हिटॅमिन सीखेरीज तुरट टॅनिनंही भरपूर असतात. तीही आयोडिन गिळू शकतात, म्हणून आवळा या चाचणीत आहे त्याहून श्रीमंत दिसतो.

आता ‘अपाय न्हाई’कडे. ठिबकवर बाग करणाऱ्याला हे एका वाक्यात पटेल. मुळाला लागतं तेवढंच पाणी मूळ घेतं, बाकी वाफ्याबाहेर जातं. दिवसाला दोनशे मिलिग्रॅमपर्यंत आतडं जवळजवळ सगळं शोषतं आणि रक्तातली पातळी तिथंच सपाट होऊ लागते. एकदम १२५० मिलिग्रॅम घेतले तर निम्म्याहून कमी आत जातं, आणि गेलेलंही मूत्रपिंड बाहेर काढतं. जाताना त्यातला काही भाग ऑक्झलेट होतो, आणि बहुतेक मुतखडे त्याचेच बनतात. उन्हात दिवसभर राबणारा, पाणी कमी पिणारा माणूस मुतखड्याला तसाच जवळ असतो. स्वीडनमधल्या पुरुषांच्या २०१३ च्या अभ्यासात व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या घेणाऱ्यांत मुतखडा सुमारे दुपटीनं आढळला. दुसरं लोह. व्हिटॅमिन सी लोहाला अशा अवस्थेत आणतं की ते आतड्यात सहज शोषलं जातं, पण हायड्रॉक्सिलही त्याच अवस्थेतून घडतं, म्हणूनच भाजीवरचं लिंबू पंडुरोग झालेल्या बाईला वरदान आहे. पण ज्याच्या अंगात लोह साचलेलं आहे, उदाहरणार्थ वारंवार रक्त चढवावं लागणारा थॅलेसेमियाचा रुग्ण, त्याच्यात हेच व्हिटॅमिन हायड्रॉक्सिलच्या भट्टीला सरपण घालू शकतं. त्यानं डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एकही मोठी गोळी घेऊ नये. १९९८ साली इंग्लंडमध्ये तीस निरोगी माणसांना सहा आठवडे रोज पाचशे मिलिग्रॅम दिले, तेव्हा ग्वानीनवरचे डाग घटले, पण ॲडेनीनवरचे वाढलेले दिसले. मोजण्याच्या पद्धतीवरून त्यावर बराच वाद झाला आणि आज तो निकाल कुणी अंतिम धरत नाही. तरी पाचशेची गोळी ही फक्त ढाल आहे असं म्हणायला तो आडवा येतोच. आणि कॅन्सरचं म्हणाल, तर अमेरिकेत १४,६४१ पुरुष डॉक्टरांना सुमारे आठ वर्षं याच पाचशेच्या मात्रेनं तपासलं. २००९ साली निकाल आला. गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्यात कॅन्सरचा फरक नव्हता.

एका ठिकाणी मात्र व्हिटॅमिन सीची राखण मला मनापासून पटते, ती पोटात. भाजीतलं आणि विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट लाळेतून नायट्राइट होऊन जठरात उतरतं. तिथल्या आम्लात ते प्रथिनांच्या अमाइनना भेटलं की नायट्रोसामाइन बनतं, आणि त्यातली बरीच ग्वानीनवर मिथाइलचा डाग पाडतात. व्हिटॅमिन सी नायट्राइटला आधीच गाठून त्याचं नायट्रिक ऑक्साइड करून टाकतं. १९७२ साली हे दाखवलं गेलं, आणि शरीर स्वतःही जठररसात व्हिटॅमिन सी सोडत असतं. म्हणून पेरू जेवणाबरोबर खाल्लेला जास्त कामाचा. पण आपल्याकडच्या बायका सकाळी दातांना मिसरी लावतात, तिच्यात तंबाखूची नायट्रोसामाइन आधीच तयार असतात, भाजलेल्या तंबाखूची काजळी वेगळी. ती हिरडीवर थेट बसते. तिथं आवळा, लिंबू, गोळी कशाचाच उपयोग नाही. मिसरीची डबी फेकणं हाच उपाय, आणि तो मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

त्या बागायतदाराला जीएचं (जिबरेलिक ॲसिडचं) डिपिंग, म्हणजे द्राक्षघड द्रावणात बुडवणं, किती पीपीएमला करायचं हे तोंडपाठ असणार. जास्त झालं तर घडाचं काय होतं हेही. त्याला एवढंच सांगायचं होतं की दादा, जीन्सवर डाग पडू नयेत म्हणून व्हिटॅमिन सी लागतं हे खरं आहे, कमी पडलं तर डाग वाढतात हेही मोजलेलं आहे. पडलेला फेरफार ते मिटवत नाही, आणि पुरेसं असताना आणखी घेतलं तर कॅन्सर लांब राहतो असं दिसलेलं नाही. फवारताना हातमोजे आणि तोंडाला नीट मास्क घाला, तंबाखू सोडा, पाणी प्या. आणि ही नऊ पाकिटं परत करा, एक असू द्या पोराच्या प्रयोगाला.

हातगाडीवरच्या पेरूवाल्यानं तेवढ्यात नवा पेरू कापला होता. चार फोडी, मधोमध पांढरा गर, सुरीच्या पात्यावर चिकटलेल्या दोन बिया.